मतदार यादीपासून मतयंत्रापर्यंत: लोधीखेड्यातील मतदाराची वाट

मध्य प्रदेशच्या विधानसभेत २३० जागा आहेत आणि महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या लोधीखेड्याचा मतदार त्यांतल्या एका जागेसाठी मत देतो: मतदारसंघ क्रमांक १२५, सौंसर. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा निघाला आणि सौंसर तहसील त्यात गेली. जिल्हा कार्यालय बदलले, कलेक्टर बदलले, सरकारी कागदांवरचा पत्ता बदलला. मतदारसंघ मात्र जिथल्या तिथे राहिला. जिल्ह्यांच्या सीमा राज्य सरकार ठरवते. मतदारसंघांच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो, आणि सध्याच्या सीमा २००८ च्या परिसीमन आदेशातल्या आहेत. म्हणून लोधीखेडे आज जिल्ह्याने पांढुर्ण्यात, विधानसभेसाठी सौंसरात आणि लोकसभेसाठी छिंदवाड्यात मोडते. शेजारचा पांढुर्णा मतदारसंघ, क्रमांक १२८, अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे आणि सौंसर खुला आहे. हे आरक्षण उमेदवाराला लागू होते, मतदाराला नाही. राखीव मतदारसंघातही यादीतला प्रत्येक जण मत देतो.

या भागाचे मत एके काळी भोपाळला जात नसे. १९५० ते १९५६ या काळातल्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि विदर्भाचे आठ जिल्हे त्याच राज्यात होते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सौंसर-पांढुर्ण्याकडच्या मतदारांनी जे आमदार निवडले ते नागपूरच्या विधानसभेत बसले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा नव्या मध्य प्रदेशात राहिला, आणि १९५७ पासून इथल्या मतांवर भोपाळची विधानसभा बनू लागली. बोली मराठी, बाजारपेठ नागपूर, सोयरीक सावनेर, काटोल, नरखेड, वरूडकडची आणि मत भोपाळसाठी, अशी इथली घडण तेव्हापासूनची आहे. मतदार नोंदणीतल्या बऱ्याच अडचणी याच घडणीतून येतात. मत देण्याला पाच मिनिटे लागतात, पण ते देता येणार की नाही हे कित्येक महिने आधी, मतदार यादीत ठरलेले असते.

राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने मताधिकार प्रौढ वयावर ठेवला आहे. शिक्षण, मालमत्ता, कर, भाषा यांपैकी कशाचीही अट नाही. वयाची अट आधी २१ वर्षांची होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून ती १८ वर आली. वय कोणत्या तारखेला मोजायचे, हा प्रश्न पुढे बराच काळ जाचक ठरला. पूर्वी १ जानेवारी हा एकच दिवस धरला जाई, त्यामुळे २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्या मुलीला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२१ च्या कायदा-दुरुस्तीनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरल्या जातात. वयाची सतरा वर्षे पूर्ण झाली की अर्ज आगाऊही देता येतो. तो ठेवून घेतला जातो आणि ज्या तिमाहीत अठरा भरतात त्या तिमाहीत नाव चढवले जाते. मध्य प्रदेश विधानसभेची पुढची निवडणूक २०२८ च्या अखेरीस अपेक्षित आहे. जी मुले आज नववी-दहावीत आहेत, त्यांच्यापैकी अनेकांची पहिली विधानसभा निवडणूक तीच असेल.

नागरिकत्व आणि वय यांत सहसा वाद होत नाही. वाद होतो तो तिसऱ्या अटीवर, रहिवासावर. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या १९ व्या कलमानुसार नाव नोंदवणारा त्या मतदारसंघात सामान्यतः राहणारा असावा लागतो. सामान्यतः राहणे म्हणजे काय, हे २० वे कलम थोडे सांगते आणि बरेच मोकळे सोडते. केवळ घर मालकीचे आहे किंवा ताब्यात आहे, एवढ्यावर कोणी तिथला रहिवासी ठरत नाही. उलट, तात्पुरते बाहेरगावी गेल्याने रहिवास संपतही नाही. अमुक इतके दिवस राहिलेच पाहिजे, असा आकडा कायद्यात नाही. सहा महिने राहावे लागते असे लोक खात्रीने सांगतात, पण त्या कलमात तसे काही लिहिलेले नाही.

सीमेवरच्या गावात घराच्या मालकीविषयीच्या आणि तात्पुरत्या गैरहजेरीविषयीच्या या दोन वाक्यांचा अर्थ रोजच्या व्यवहारात लावावा लागतो. नागपुरात स्थायिक झालेल्या कुटुंबाचा लोधीखेड्याजवळ संत्र्याचा बगीचा असेल, वाडवडिलांचे घर असेल, कुलदैवताला दरवर्षी येणे असेल, तरी त्या कुटुंबाचे मत नागपुरातच. बगीच्याची पावती मताचा हक्क देत नाही. याच्या उलट, मजुरीसाठी चार महिने नागपूरजवळच्या बुटीबोरीला जाऊन परत येणारा मजूर लोधीखेड्याचाच मतदार राहतो, कारण त्याचे राहणे तिथून सुटलेले नाही. बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात कामाला आलेला बिहारचा कामगार खोली करून राहत असेल, तर तो सौंसरमध्ये नाव नोंदवू शकतो. त्याने कोणत्या राज्यात जन्म घेतला हा प्रश्नच येत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आईवडिलांच्या घरचा पत्ता ठेवता येतो किंवा वसतिगृहाचा देता येतो, मात्र दोन्ही नाही. ज्याला घरच नाही त्याचीही सोय आहे. तो जिथे झोपतो ती जागा अर्जात लिहितो आणि बूथस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, रात्री तिथे जाऊन तो खरोखर तिथे असतो का ते एकापेक्षा जास्त वेळा पाहतो.

कठीण प्रकरणे मधली असतात. नवरा सौंसरला नोकरीत, बायको मुलांच्या शिक्षणासाठी नागपुरात भाड्याच्या घरात, सणासुदीला आणि सुटीत सगळे लोधीखेड्यात. अशा बाईचे नाव कुठे असावे? वर्षातला बहुतेक काळ ती नागपुरात असेल आणि तेच घर चालते घर असेल, तर नाव नागपुरात असावे हे सरळ आहे. परंतु निर्णय मतदार नोंदणी अधिकाऱ्याचा असतो आणि तो कागदापेक्षा प्रत्यक्ष राहणे पाहून घ्यायचा असतो. कायद्याने ही जागा सैल ठेवली ते बरेच झाले; दिवस मोजणारा नियम केला असता तर हंगामी मजुरांची नावे सर्वांत आधी गेली असती.

सैलपणा कुठे नाही, तर एका माणसाचे नाव एकाच ठिकाणी असण्यात. १७ वे कलम दोन मतदारसंघांत नोंदणीला मनाई करते, १८ वे कलम एकाच मतदारसंघात दोनदा नोंदणीला. खोटे निवेदन करून नाव चढवले, तर ३१ व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दोन्ही राज्यांत नाव असणे आणि दोन्हीकडे मत देणे हा सीमेवरचा जुना आरोप आहे, आणि त्याला जागा मिळते ती निवडणुकांच्या वेगळ्या तारखांमुळे. मध्य प्रदेशात विधानसभेचे मतदान १७ नोव्हेंबर २०२३ रोजी झाले, महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ रोजी. बोटावरची शाई वर्षभर टिकत नाही. तरीही दुहेरी नोंदींमागे दर वेळी लबाडी असते असे मानणे चूक आहे. बहुतेक दुहेरी नावे नवीन ठिकाणी नाव चढले आणि जुन्या ठिकाणचे कोणी काढले नाही, अशा निष्काळजीपणातून राहतात.

हा निष्काळजीपणा सर्वाधिक दिसतो तो माहेर-सासरच्या नोंदीत. सावनेरची मुलगी लग्न होऊन लोधीखेड्यात येते. तिचे नाव महाराष्ट्राच्या यादीत आधीपासून असते. सासरचे लोक तिच्यासाठी नमुना ६ भरतात, आणि इथेच चूक होते, कारण नमुना ६ पहिल्यांदाच नाव नोंदवणाऱ्यासाठी आहे. ज्याचे नाव देशात कुठेही यादीत आहे त्याने नमुना ८ भरायचा. १ ऑगस्ट २०२२ पासून हा एकच नमुना पत्ता बदलणे, नावातली दुरुस्ती, हरवलेल्या किंवा खराब झालेल्या ओळखपत्राच्या जागी दुसरे मागणे आणि दिव्यांगत्वाची नोंद, या चारही कामांसाठी चालतो. त्यात जुना मतदार ओळखपत्र क्रमांक लिहिला की सौंसरच्या यादीत नाव येते आणि सावनेरचे वगळले जाते. क्रमांक तोच राहतो, पत्ता नवा. वेगळा अर्ज करून माहेरचे नाव कापून घेण्याची गरज पडत नाही. नमुना ७ हा मृत, स्थलांतरित किंवा चुकीने नोंदलेल्या नावावर हरकत घेण्यासाठी आहे, आणि तो त्याच मतदारसंघाच्या मतदाराला भरता येतो. घरातले वडीलधारे माणूस गेल्यावर हा अर्ज कुटुंबाने स्वतःहून द्यावा. यादीत वर्षानुवर्षे राहिलेली मृतांची नावेच पुढे तोतया मतदानाला उपयोगी पडतात.

लग्नानंतर नाव आणि आडनाव बदलण्याची मराठी घरांतली रीत इथे आणखी एक गाठ घालते. आधारवर माहेरचे नाव, बँकेच्या पासबुकावर सासरचे, दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव मध्ये, अशी तीन नावांची एकच बाई अर्ज घेऊन येते. त्यात मध्य प्रदेशची यादी हिंदीत छापली जाते आणि काळे, वाळके, कोल्हे अशा आडनावांतला ळ कधी ल होऊन बसतो, तर जोडाक्षर कधी सुटते. अशा किरकोळ फरकावरून मतदान केंद्रावर कोणाला परत पाठवू नये, ओळख पटत असेल तर फरकाकडे दुर्लक्ष करावे, असे निवडणूक आयोगाचे निर्देश आहेत. तरीही नमुना ८ ने तो एकदा नीट करून घेतलेला बरा, कारण संगणकाने नावे जुळवायची वेळ आली की ल आणि ळ ही दोन वेगळी माणसे होतात. बायकांच्या नावांचा प्रश्न पहिल्या निवडणुकीपासूनचा आहे. १९५१-५२ ला अनेक ठिकाणी बायकांनी परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको अशा नोंदी झाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशा नोंदी मान्य केल्या नाहीत आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. त्या वेळी ते कठोर वाटले, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बायकांची खरी नावे यादीत येऊ लागली.

अर्ज करण्याची रीत सोपी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. नमुना ६ आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा मोबाइल ॲपवर भरता येतो, नाहीतर कागदावर भरून बीएलओकडे किंवा सौंसरच्या तहसील वा एसडीएम कार्यालयात देता येतो. मतदारसंघाचा नोंदणी अधिकारी बहुधा एसडीएमच असतो. बीएलओ म्हणजे कोणी वेगळा साहेब नव्हे. गावातली अंगणवाडी कार्यकर्ती किंवा शाळेतले गुरुजी यांच्याकडेच हे जादा काम असते, त्यामुळे त्यांना गाठणे अवघड नाही. १९५० या दूरध्वनी क्रमांकावरही विचारणा करता येते. अर्जासोबत फोटो, वयाचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. वयासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, आधार यांपैकी एक चालतो. पत्त्यासाठी वीज, पाणी किंवा गॅसचे बिल, पासबुक, आधार, पासपोर्ट, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत, आणि शेतकऱ्यासाठी महसुलाची जमीनविषयक कागदपत्रे, किसान बही धरून. वडिलांच्या नावावरची कागदपत्रे एकत्र राहणाऱ्या मुलाला चालतात. भाडेकरूंची खरी अडचण अशी की, घरमालक नोंदणीकृत करार करून द्यायला कचरतात. कागदच नसेल तरी अर्ज तिथेच संपत नाही. बीएलओने घरी येऊन चौकशी करायची असते.

अर्ज आला की त्याचा गोषवारा जाहीर यादीत लागतो, हरकतीसाठी सात दिवस दिले जातात, बीएलओ घरी येऊन पाहणी करतो आणि मग अधिकारी निर्णय देतो. अर्ज नाकारला गेला, तर कारण मागावे. निर्णयाविरुद्ध पहिले अपील १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आता पांढुर्ण्याला, आणि दुसरे ३० दिवसांत भोपाळच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे करता येते. यादीतले नाव नोटीस न देता परस्पर काढता येत नाही, हाही नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला नमुना ६-अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्याने नाव नोंदवता येते, पण मत द्यायला त्याला गावी यावे लागते.

रोजच्या नोंदणीखेरीज कधी कधी सगळी यादीच नव्याने तपासली जाते. २७ ऑक्टोबर २०२५ रोजी आयोगाने मध्य प्रदेशासह बारा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत विशेष सघन पुनरीक्षण जाहीर केले आणि ४ नोव्हेंबरपासून बीएलओ छापील गणना पत्रके घेऊन घरोघर फिरू लागले. मतदाराने आपले, किंवा आपले नसल्यास आईवडिलांचे नाव २००२ ते २००४ दरम्यान झालेल्या मागच्या सघन पुनरीक्षणाच्या यादीत शोधून दाखवायचे होते. सौंसर-पांढुर्ण्यातल्या सासुरवाशिणींच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, त्यांच्या आईवडिलांची नावे मध्य प्रदेशच्या जुन्या यादीत सापडणारच नव्हती. ती महाराष्ट्राच्या यादीत होती. दुसऱ्या राज्याची जुनी यादी ग्राह्य धरली जाते, पण तिथला मतदारसंघ आणि भाग क्रमांक आधी ठाऊक हवा. महाराष्ट्राचे नाव तेव्हाच्या त्या बारांत नव्हते. या मोहिमेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तिच्याविषयी मते तीव्र आहेत; मतदाराच्या हातचे काम मात्र एवढेच उरते की, प्रारूप यादी लागली की तीत आपले नाव पाहायचे आणि नसेल तर दावे-हरकतींच्या मुदतीत अर्ज करायचा.

नाव चढवण्याची खिडकी निवडणूक जाहीर झाली म्हणून लगेच बंद होत नाही, पण फार काळ उघडीही राहत नाही. उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत काहीही घालता किंवा काढता येत नाही. २०२३ चे वेळापत्रक पाहिले की हिशेब कळतो. आयोगाने ९ ऑक्टोबरला कार्यक्रम जाहीर केला, २१ ऑक्टोबरला अधिसूचना निघाली, ३० ऑक्टोबर हा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता, मतदान १७ नोव्हेंबरला आणि मोजणी ३ डिसेंबरला. यादी ३० ऑक्टोबरला गोठली. हरकतीचे सात दिवस आणि पाहणीचा वेळ धरला, तर घोषणेनंतर जागा झालेल्या माणसाला जेमतेम दहा-अकरा दिवस मिळाले. १७ नोव्हेंबरला केंद्रावर जाऊन नाव का नाही म्हणून भांडणाऱ्याला केंद्राध्यक्ष काहीच देऊ शकत नाही. तो अधिकार तेव्हा कोणाच्याच हाती नसतो.

याच ठिकाणी ओळखपत्र आणि यादी यांतला घोळ होतो. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात, १९९३ पासून छायाचित्र असलेले मतदार ओळखपत्र सुरू झाले आणि लोकांच्या बोलण्यात तेच मत होऊन बसले. वोटर कार्ड आहे म्हणजे मत आहे, असे धरले जाते. प्रत्यक्षात खिशात कार्ड असून यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. यादीत नाव असून कार्ड हरवले असेल तर देता येते. कार्डाऐवजी आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, मनरेगाचे जॉबकार्ड, फोटो असलेले बँक किंवा टपाल खात्याचे पासबुक, पेन्शनची फोटोसह कागदपत्रे, दिव्यांगांचे युनिक ओळखपत्र अशी ठरावीक कागदपत्रे चालतात. मतदानाआधी बीएलओ घरी जी चिठ्ठी देतो ती केंद्र आणि अनुक्रमांक सापडायला उपयोगी आहे, पण २०१९ पासून ती एकटी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही.

दुसरा घोळ स्थानिक निवडणुकांचा. लोधीखेड्याची नगर परिषद आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती यांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही; त्या मध्य प्रदेश राज्य निवडणूक आयोग घेतो आणि त्यांच्या वॉर्डनिहाय याद्या वेगळ्या असतात. नगर परिषदेला मत दिले होते, मग विधानसभेच्या यादीत नाव कसे नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. दोन्ही याद्या स्वतंत्रपणे तपासून घेणे हाच त्यावर उपाय.

मत देण्यासाठी मतदाराने केंद्रावर यावे, हा सर्वसाधारण नियम आहे. नागपुरात कामाला असलेल्या माणसाला तिथून मत पाठवता येत नाही. त्याला मिळते ती सुटी. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या १३५-ब कलमानुसार कारखाना, दुकान, कोणत्याही आस्थापनेतला कामगार मतदार असेल तर मतदानाच्या दिवशी त्याला भरपगारी सुटी मिळाली पाहिजे, आणि रोजंदारीवरचा मजूरही त्यात येतो. मतदारसंघाबाहेर काम करणाऱ्यालाही हा हक्क आहे, म्हणजे बुटीबोरीच्या मालकाने सौंसरच्या मतदानासाठी सुटी द्यायची असते. न देणाऱ्याला होणारा दंड ५०० रुपयांपर्यंत आहे, त्यामुळे या कलमाचा धाक कमी आणि ओळख त्याहून कमी. शेतमजुराची तर वेगळीच गोष्ट. नोव्हेंबर हा इथे कापूस वेचणीचा आणि आंबिया बहाराची संत्री तोडण्याचा महिना. त्या दिवसाची मजुरी सोडून रांगेत उभे राहणे म्हणजे काय, ते बगीच्यातल्या माणसालाच ठाऊक.

टपाली मताची सोय थोड्यांनाच आहे: सैन्यातले आणि तशा सेवांतले मतदार, निवडणुकीच्या कामावर असलेले कर्मचारी, प्रतिबंधक स्थानबद्धतेतले लोक. शिक्षा भोगणारे किंवा खटला चालू असलेले कैदी मत देऊ शकत नाहीत. वृद्ध आणि दिव्यांगांना घरी मत देता येते. २०२३ च्या विधानसभेत ही वयोमर्यादा ८० होती, मार्च २०२४ पासून ती ८५ झाली. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक हवे. अधिसूचनेनंतर पाच दिवसांत नमुना १२-ड भरून द्यावा लागतो. मग मतदान पथक घरी येते आणि गुप्तता राखून मत घेते. एकदा हा पर्याय घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही.

२०२३ मध्ये सौंसरच्या केंद्रांवर मतदान सकाळी ७ ते संध्याकाळी ६ असे होते. त्याआधी, पहाटे, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांची चाचणी घेतली जाते, तिचा हिशेब जुळवून यंत्र पुसून कोरे केले जाते. केंद्राच्या १०० मीटरच्या आत प्रचार चालत नाही आणि मोबाइल आत नेता येत नाही. प्रचार मतदान संपण्याच्या ४८ तास आधीच थांबलेला असतो.

आत गेल्यावर पहिला मतदान अधिकारी यादीत नाव शोधतो, ओळखपत्र पाहतो आणि नाव मोठ्याने वाचतो, म्हणजे बसलेल्या प्रतिनिधींना हरकत घेता यावी. प्रतिनिधीने दोन रुपये भरून ओळखीला आव्हान दिले, तर केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो. गावात सगळे एकमेकांना ओळखतात, त्यामुळे ही वेळ क्वचित येते. दुसरा अधिकारी डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि एक चिठ्ठी देतो. ही शाई १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी रंग कारखान्यात बनते. तिच्यातले सिल्व्हर नायट्रेट कातडीला धरते म्हणून ती धुऊन जात नाही. तिसरा अधिकारी चिठ्ठी घेऊन नियंत्रण यंत्राचे बटण दाबतो, आणि आडोशामागचे यंत्र एका मतासाठी खुले होते.

मतयंत्रावर उमेदवाराचे नाव, २०१५ पासून फोटो, आणि चिन्ह असते. नावे हिंदी वर्णानुक्रमाने लागतात, पण तीन गटांत: आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष. शेवटचे बटण यांपैकी कोणी नाही याचे, म्हणजे नोटाचे. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ च्या निकालानंतर त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकांत, मध्य प्रदेशातही, ते पहिल्यांदा आले. नोटाला सर्वाधिक मते पडली तरी उमेदवारांत ज्याला जास्त मते तोच निवडून येतो. बटण दाबले की दिवा लागतो, आवाज होतो आणि शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसून पेटीत पडते. चिठ्ठीवर भलतेच नाव छापले गेले असे कोणाला वाटले, तर लेखी निवेदन देऊन चाचणी मत देता येते. तक्रार खोटी ठरली तर शिक्षेची तरतूद आहे. मतयंत्र मध्य प्रदेशाला नवे नाही. नोव्हेंबर १९९८ मध्ये देशातल्या सोळा विधानसभा मतदारसंघांत ते वापरले गेले, त्यांतले पाच याच राज्यातले होते.

अंध किंवा हात चालत नसलेल्या मतदाराला अठरा वर्षांवरचा सोबती आत नेता येतो; एक माणूस दिवसभरात एकाच मतदाराचा सोबती होऊ शकतो. आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर गुपचूप परतू नये. ओळख पटवून दिल्यावर केंद्राध्यक्षाने त्या मतदाराला प्रदत्त मतपत्रिका, म्हणजे कागदाची मतपत्रिका, द्यावी लागते. ती वेगळ्या पाकिटात ठेवली जाते. तोतयेगिरीला भारतीय न्याय संहितेत एक वर्षापर्यंत कैद आहे. संध्याकाळी सहा वाजता जे रांगेत असतील त्या सर्वांना मत देता येते. केंद्राध्यक्ष रांगेच्या शेपटापासून पुढे सही केलेल्या चिठ्ठ्या वाटत येतो, म्हणजे नंतर आलेला कोणी मागे जोडला जात नाही.

यंत्रे मोहोरबंद होताना किती मते पडली याचा नमुना १७-क प्रतिनिधींना मिळतो. मोजणीच्या दिवशी तोच आकडा यंत्राशी जुळवला जातो आणि प्रत्येक मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या, चिठ्ठी टाकून निवडलेल्या केंद्रांच्या, हाताने मोजल्या जातात. प्रदत्त मते एरवी मोजली जात नाहीत; निकालाला न्यायालयात आव्हान मिळाले आणि फरक थोडा असला तरच त्यांना किंमत येते. असे आव्हान फक्त हरलेल्या उमेदवारालाच देता येते असे नाही. मतदारसंघातला कोणताही मतदार निकालानंतर ४५ दिवसांत, खर्चाची हमी म्हणून २,००० रुपये भरून, निवडणूक याचिका दाखल करू शकतो. ती दाखल होते राज्याच्या उच्च न्यायालयात. लोधीखेड्याच्या मतदाराला त्यासाठी तासा-दीड तासावरचे नागपूर सोडून जबलपूरला जावे लागते.